किलमोरनची डोळ्यांची विहीर

मी कारभारी, दौलताबादचा. पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षीचा माझा जन्म, त्यामुळे माझं वय कुणी विचारलं की आई थेट रझाकारांपासून सुरुवात करायची. जन्मभर किल्ल्यावर गाईडचं काम केलं. 'इकडे पाहा, तिकडे पाहा' करून घर चालवलं, पोरगी शिकवली. अशा माणसाला परक्या गावात कुणी दंडाला धरून 'इकडे पाहा' म्हणू लागलं, तर त्याचं डोकं फिरणारच. माझं फिरलं. आधी तो राग तिथल्या गाईडवर निघाला, मग बायकोवर. खरं सांगायचं तर दोघांचीही काही चूक नव्हती.

माझी बायको मनकर्णा. तिच्या डोळ्यांना काचबिंदू झालाय. हे दुखणं दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप येतं. आम्हाला कळलं तोवर तिची कडेकडेची नजर गेलेली होती. दारातून जाताना तिचा खांदा चौकटीला लागायचा आणि मी तिला वेंधळी म्हणायचो. शहरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: गेलेलं परत येत नाही, उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही, जे बघायचंय ते बघून घ्या. बाहेर पडून आम्ही क्रांती चौकात आलो. रिक्षावाले ओरडत होते, एक हातगाडी आमच्या अंगावरून गेली. ती माझी बाही धरून उभी होती. म्हणाली, "मला आवडाचं घर बघायचंय."

आवडा आमची लेक. नर्स आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला किलमोरन नावाचं खेडं आहे, तिथल्या वृद्धाश्रमात ती नोकरी करते. जावई वैजनाथ डब्लिनला कंपनीत, शनिवारी येतात, सोमवारी जातात. आवडाला नाव आजीचं ठेवलं होतं, पण तिथल्या लोकांना ते जमत नाही, म्हणून ते तिला 'एवा' म्हणतात. मला हे मुळीच आवडलेलं नाही, पण मला विचारतो कोण?

निघायच्या आधी मनकर्णानं खुलताबादला जाऊन पीराच्या जाळीला दोरा बांधला. आमच्याकडे मारुतीला नारळ आणि पीराला दोरा, यात कुणाला वावगं वाटत नाही. "पोरीचं घर, पोरीचं गाव बघून होईस्तोवर नजर राहू दे," एवढंच तिनं मागितलं. मागणं पुरं झालं की गाठ सोडायची असा रिवाज आहे. शेकडो दोऱ्यांत आपला कुठे सापडणार, म्हणून कुठलीही एक गाठ सोडली तरी चालते.

मी तेव्हा हसलो होतो. विमानात बसल्यावर मात्र मला ते मागणं पुन्हा आठवलं. बघून झालं, की मग? मग पीर मोकळा! हे आधी सुचलं असतं तर मी तिला चांगलं लांबलचक मागणं मागायला लावलं असतं. पण एक पळवाट होती. तिनं 'गाव' म्हटलं होतं. गाव जोवर पुरतं बघून होत नाही तोवर नजर राहायला हवी. आणि एका तासाचा किल्ला दिवसभर कसा दाखवायचा, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

किलमोरनला पोचलो तेव्हा गाव दिसलंच नाही. धुकं होतं. आवडाची गाडी हळूहळू चालली होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दगडी बांध आमच्या सोबत चालल्यासारखे वाटत होते. ना चुना, ना माती. नुसते दगडावर दगड ठेवलेले, फटींतून पलीकडचा उजेड दिसतो. मधूनच एखादी गाय बांधावरून तोंड काढून बघायची आणि पुन्हा धुक्यात जायची. मग पूल आला, चर्चचं टोक आलं, निळ्या दाराचं एक दुकान आलं. प्रत्येक वस्तू जवळ आल्यावरच दिसत होती आणि लगेच मागे विरून जात होती. मनकर्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "इथं समद्यांनाच माझ्यावानी दिसतंय की हो."

तिला तिथं फार बरं वाटलं. जूनचे दिवस होते, आणि तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही. जेवणं झाली, भांडी झाली, तरी अंगणात दुधासारखा उजेड. पाऊस यायचा तोही न सांगता, चाळणीतून पीठ पडावं तसा, आणि कुणी त्याच्यापायी धावत घरात जायचं नाही. चुलीत ते लोक माती जाळतात. खोटं नाही सांगत, दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवतात आणि जाळतात. तिच्या धुरानं सगळं गाव भरलेलं असायचं. तो वास नाकात गेला की आपण कुठे आहोत, जागे आहोत की झोपेत, हे क्षणभर कळायचं नाही.

पण मनकर्णाला गाव नको होतं. ती आवडाच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची आणि बघत राहायची. तिला आता नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं, त्यामुळे एक खिडकी बघायची तरी मान चारी बाजूंना फिरवावी लागे. आधी खिडकी, मग खिडकीतली कुंडी, मग ओट्यावरच्या बरण्या, मग दारामागे अडकवलेला आवडाचा कोट. आवडा कपबशा विसळायला उभी राहिली की तिच्या पाठीकडे बघायची.

"सात समुद्र ओलांडून आलो ते कपबशा बघायला?" मी चिडलो. "चल, मनोरा बघायला जायचंय."

"तुमी जा की."

"गाव बघायचं म्हणाली होतीस ना?"

"आवो, उद्या ही फोनवर म्हनली का माय, मी भांडे घासतेय, तर ही कुठं उभी हाय ते मला दिसाया नको का?" ती म्हणाली. "मनोऱ्यात काय हिचा जीव गुंतलाय व्हय?"

तिचं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी तिला ओढतच नेलं. मनोरा चर्चच्या पडक्या भिंतींपाशी उभा होता, गोल, दगडी, आमच्या चांदमिनारापुढे अगदीच लहान. तिथला गाईड लाल दाढीचा, कानटोपी घातलेला. एकेकाच्या दंडाला धरून 'इकडे पाहा' करत पाठ केलेलं बोलत होता. माझा दंड धरला तेव्हा मला राहवेना, मी त्याला दोन शब्द सुनावले. पण एक गोष्ट मी मान्य केली. त्या मनोऱ्याचं दार जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर आहे. शत्रू आला की साधू आत चढायचे आणि शिडी वर ओढून घ्यायचे. आमच्या किल्ल्यातल्या माणसाला हे लगेच पटतं. मी त्याला दौलताबादचा खंदक आणि अंधारी, म्हणजे शत्रूला चकवणारं काळोखं भुयार, सांगितली, तर त्यानं माझाच हात हातात घेतला आणि बाकीचे लोक आम्हा दोघांचं ऐकत बसले. मनकर्णा दगडावर बसून गवतातली छोटी पांढरी फुलं बघत होती, एकेक करून.

"झालं ना गाव बघून?" परतताना ती म्हणाली.

"छे! हे तर नुसतं तोंड लागलंय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तळं. मग दलदल, जिथून ती माती काढतात. मग समुद्राचा कडा, गाडीनं चांगला तासभर लांब. तिथं धुकं खालून वर येत होतं, पक्षी ओरडत होते पण दिसत नव्हते, आणि कड्याखाली समुद्र आहे हे फक्त आवाजावरून कळत होतं. वारा असा की मनकर्णाच्या लुगड्यावर चढवलेला जावयाचा स्वेटर फुग्यासारखा फुगला.

"दादा, हे काय किलमोरन नाय," आवडा मला म्हणाली. "हे दुसऱ्या गावचं हाय."

"हे पण गावातच येतं," मी ठासून सांगितलं. "शिवारात येतं."

आवडानं माझ्याकडे बघितलं. ती माझीच लेक. तिला काहीतरी उमगलं असावं, कारण त्यानंतर तीच रोज काहीतरी नवं काढू लागली: कुठे मेंढ्यांचा बाजार, कुठे पडका मठ, कुठे जुन्या लोकांनी बांधलेलं मातीचं गोल कडं, जिथं रात्री जायचं नसतं म्हणे. मी खूश होतो. मला वाटलं, अशानं आपण वर्ष काढू. आवडाच्या सुट्ट्या संपत आल्या होत्या, आमचं परतीचं तिकीट काढलेलं होतं, पण स्वप्नात असलेल्या माणसाला तिकिटाचं काय?

विहीर दाखवली ती नोरानं. नोरा म्हणजे आवडाची शेजारीण, ऐंशीच्या पुढची विधवा बाई, पायात रबरी बूट, डोक्याला रुमाल. मनकर्णाला इंग्रजी येत नव्हतं आणि नोराला मराठी, तरी दोघी तासन् तास बांधाशी उभ्या राहून आपापल्या भाषेत बोलत. मनकर्णाच्या डोळ्यांचं आवडाकडून कळल्यावर नोरा म्हणाली, उद्या मी हिला डोळ्यांच्या विहिरीवर नेते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही गेलो. विहीर म्हणजे आपल्यासारखी बांधीव नव्हे. कुरणाच्या कोपऱ्यात दगडांच्या कोंडाळ्यात एक झरा, ओंजळभर रुंद, आणि त्याच्यावर वाकलेलं एक काटेरी झाड. त्या झाडाला शेकडो चिंध्या बांधलेल्या. लाल, पांढऱ्या, निळ्या, पावसानं विटलेल्या, काही इतक्या जुन्या की नुसतं सूत उरलेलं. धुक्यात त्या हलत नव्हत्या, नुसत्या लोंबत होत्या. ते बघून माझे पाय जागीच थबकले. वाटलं, आपण खुलताबादलाच आलोय, वाट तेवढी चुकलोय.

मनकर्णाला चिंध्या दिसायला वेळ लागला. मान हळूहळू फिरवत तिनं सगळं झाड बघितलं. मग चपला काढल्या, पुढे गेली, हात जोडले, आणि हाताशी आलेल्या एका निळ्या चिंधीची गाठ सोडायला लागली.

ती काय करतेय ते मला लगेच कळलं. "अगं ए! थांब!" मी ओरडलो.

तिनं गाठ सोडली. चिंधी तिच्या हातात आली.

"कुणी सांगितलं तुला बघून झालं म्हणून?" माझा आवाज चढला होता. "अजून तो पलीकडचा मठ राहिलाय! बेट राहिलंय! जावई आपल्याला बेटावर नेणार आहेत!"

"झालं माझं बघून," ती शांतपणे म्हणाली. "पोरीचं घर बघितलं. पोरगी बघितली, पोटभर. तिचं बरं चाललंय. आता परत खुलताबादला जाईस्तोवर दिसतंय का नाय कुनाला ठावं? हितं सोडली तर काय बिघडलं? देवाला काय हितलं नि तिथलं?"

"पण एकदा गाठ सोडली की—"

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमी तो समुद्राचा कडा गावात घातला ना, तवाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाला बरं वाटत व्हतं म्हनून. पन ईमानानं मागितलंय मी. असं लांबवून लांबवून घेतलेली नजर मला नको."

मी कुरणाकडे तोंड करून उभा राहिलो. आवडानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तीही रडत होती.

आणि मग नोराकडे आमचं लक्ष गेलं. बाई पांढरीफटक पडली होती. तिनं छातीवर क्रूस काढला आणि आवडाला घाईघाईनं काहीतरी सांगू लागली. आवडाचे डोळे मोठे झाले.

"माय, हितं उलटं असतंय," आवडा म्हणाली. "ह्या चिंध्या मागन्याच्या नायत. दुखन्याच्या हायत. ज्याला दुखनं हाय त्यानं आपल्या अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडायची, पान्यात भिजवून डोळ्यांना लावायची, आन् झाडाला बांधायची. चिंधी कुजली का दुखनं जातंय. कुनी सोडायची नाय. जो सोडंल त्याला ते दुखनं लागतंय."

मनकर्णानं हातातल्या निळ्या चिंधीकडे बघितलं. कुणाच्या तरी सदऱ्याची पट्टी होती, लहान मुलाच्या असेल. मला वाटलं ती घाबरेल. ती हसायला लागली.

"मंग लागू दे की," ती म्हणाली. "माझ्याकडं आता बिघडायचं काय राहिलंय? त्या लेकराचं तरी सुटलं."

आवडानं ते नोराला सांगितलं. नोरानं पुढे येऊन आपल्या खरखरीत हातांत मनकर्णाचा चेहरा धरला आणि तिच्या दोन्ही डोळ्यांवर ओठ टेकले. आमच्यात असं कुणी करत नाही, पण मनकर्णा तशीच उभी राहिली.

त्यानंतर नोरानं हट्टच धरला. निळी चिंधी दगडाखाली ठेवली आणि मनकर्णाला तिची स्वतःची बांधायला लावली. आवडानं आईच्या लुगड्याच्या पदराची एक पट्टी फाडली, जांभळी, काठाची. झऱ्यात बुडवून डोळ्यांवरून फिरवली. पाणी इतकं गार होतं की मनकर्णा "अगं माय" म्हणाली. मग चिंधी फांदीला बांधून तिघी उजवीकडून विहिरीला फेऱ्या घालत राहिल्या, पुढे रबरी बूट, मागे अनवाणी पाय, त्यामागे आवडा. धुक्यात त्या दिसायच्या, झाडाआड जायच्या, पुन्हा दिसायच्या. मी दगडावर बसून होतो. माझ्या डोक्यात नोराचं एकच वाक्य फिरत होतं: जो सोडेल, त्याला लागतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो. तिथं पहाट म्हणजे लख्ख दिवसच. घर झोपलेलं होतं. मनकर्णा भिंतीकडे तोंड करून झोपली होती, हात उशाखाली. मी जावयाचे बूट घातले आणि कुरणातून चालत निघालो. गवतातलं पाणी विजारीला गुडघ्यापर्यंत चढलं. मेंढ्या बाजूला सरकल्या. वाटेत कुणी भेटलं नाही, भेटलं असतं तरी तो खरा माणूस होता की धुकं, हे मी सांगू शकलो नसतो.

जांभळा काठ मला लांबूनच दिसला. त्या झाडावर तसा रंग दुसरा नव्हता.

कुणाशी बोलायचं, कुठल्या भाषेत, हे मला कळेना. माझं इंग्रजी गाईडपुरतं. खंदक, तोफ, दरवाजा, सावकाश चढा, एवढं येतं. डोळ्यांबद्दल त्यात काही नाही. शेवटी मराठीतच म्हणालो. "जे कुणी असाल ते ऐका. हिला अजून पोरीला बघायचंय. माझं सगळं बघून झालंय. किल्ला मला पाठ आहे, पायऱ्या पायांना माहीत आहेत, डोळे नसले तरी माझं अडत नाही. हिचं दुखणं मला द्या."

बोटं गारठली होती, गाठ लवकर सुटेना. दातांनी सोडवली. चिंधी ओलीच होती. ती मी सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली, आणि परत येईपर्यंत तिचं पाणी माझ्या पोटापर्यंत ओघळलं. मला इतका आनंद कितीतरी वर्षांत झाला नव्हता. घरी येऊन मी सगळ्यांना चहा केला. आवडा बघतच राहिली.

निघताना नोरानं मनकर्णाला त्या जळणाच्या मातीची एक वीट दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. विमानतळावर ती काढून घेतील म्हणून मी कुरकुरलो, पण कुणी घेतली नाही.

मनकर्णाची नजर पोळ्यानंतर गेली. हळूहळू नळी बारीक होत गेली आणि एका सकाळी बंद झाली. ती रडली, दोन दिवस जेवली नाही, मग उठून कामाला लागली. आवडाचा फोन येतो तेव्हा ती भिंतीला टेकून बसते आणि चेहरा वर करते. "खिडकी उघडी हाय का गं? कुंडी आत घे, वारं सुटलंय जनू," असं म्हणते, आणि आवडा तिकडे कुंडी आत घेते.

मी मात्र रोज सकाळी गच्चीवर जातो. आधी उजवा डोळा झाकतो, मग डावा. किल्ल्याच्या माथ्यावरची बारादरी बघतो. कुठे अंधूक झालंय का, कडेचं काही गेलंय का, म्हणून चाचपून बघतो. तिची गेली, म्हणजे देवाणघेवाण झाली नाही हे मला कळतं. तरी वाटतं, निदान सोबत तरी जाईल. चिंधी खिशातच आहे, सुकून कडक झालीय. शेवटी मी शहरात त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यंत्रात डोकं ठेवायला लावलं, थेंब घातले, उलटसुलट तपासलं आणि हसून माझ्या खांद्यावर थाप मारली. म्हणाले, या वयात अशी नजर आम्ही बघितलेली नाही, नशीबवान आहात.

घरी आलो तर मनकर्णा दारातच बसली होती.

"काय म्हनले डाक्टर?"

"चांगली आहे म्हणाले," मी म्हणालो. "पोरासारखी."

"देव पावला," ती म्हणाली, आणि तिनं आकाशाकडे हात जोडले. तिचं तोंड आनंदानं फुललं होतं. कुंकू कपाळाच्या मध्यापासून जरा डावीकडे लागलं होतं, आणि मला ते अगदी स्पष्ट दिसत होतं.